हाताखालची मुलं

आधी माफी मागतो. इथे लिहिणारे सगळे अनुभवी आहेत, आणि त्यांचं वाचून मी बऱ्याचदा हे लिहायला घेतलं आणि सोडून दिलं. परीक्षेतल्या उत्तरांपलीकडे मला काही लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, त्यामुळे ‘हे बरोबर लिहिलंय का’ असं विचारायलाही घरात कुणी नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

दुसरं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र हा विषय आहे. भास कशाला म्हणतात, मनात खूप ओढ असली की माणसाला काय काय जाणवू शकतं, हे मी वाचलंय. खाली जे लिहितोय त्याला आधी मी तेच नाव देऊन बघितलं. ते नीट बसलं असतं तर इथे आलोच नसतो.

आणि हो... यात घाबरण्यासारखं काही नाही. मलाही भीती वाटली नव्हती. उलट पुन्हा व्हावं असं वाटत राहिलं, आणि तेच कुणाला सांगता येत नव्हतं.

आमचं घर काळेवाडीत, पिठाच्या गिरणीमागच्या गल्लीत. तळमजल्यावर लागून दोन खोल्या, मधे एक दार, पुढे पत्र्याची शेड. पुढची खोली गयामावशीची, मागची आमची. मावशी म्हणजे नात्यातली नाही. ती लातूरकडची, आम्ही जालन्याकडचे. भाड्याच्या खोल्या शेजारी निघाल्या एवढंच. मी वर्षाचाही नव्हतो तेव्हा आईला चाकणच्या एका कंपनीत लाइनवर काम लागलं. तिने मला मधल्या दारातून मावशीच्या हातात दिलं आणि कंपनीची बस पकडली. माझ्यामागे गल्लीतली अजून दोन-तीन मुलं आली, मग वाढतच गेली. पुढे आईचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, तेव्हा तीही मावशीबरोबर मुलं सांभाळायला लागली. दारावर पाटी कधी लागली नाही, पण सगळे पाळणाघरच म्हणतात.

दुपारची झोप हे मावशीचं काम. जेवणं झाली की छोट्या गाद्या भिंतीलगत ओळीने पडायच्या. मावशी भिंतीला टेकून, पाय लांब सोडून बसायची. सगळ्यात लहान मूल तिच्या पायांवर. एक उजव्या हाताखाली, एक डाव्या हाताखाली. ती झोपली की पायावरचं मूल अलगद गादीवर ठेवायची आणि बसल्या बसल्या पुढच्या तिघांपाशी सरकायची.

तिची थोपटायची एक पद्धत होती. आई सुरुवातीला भराभर थोपटायची तेव्हा मावशी तिचा हात धरायची.

“मीना, कणीक तिंबायलीस का काय? दोन थापा, मग हात टेकवायचा. थांबायचं. हात हाय म्हणून कळू दे की लेकराला.”

ते थांबणं मला अजून आठवतं. पाठीवर दोन हलक्या थापा, मग तो पूर्ण उघडा तळवा तसाच, ऊबदार, थोडासा जड. मग पुन्हा दोन. मी शाळेत जायला लागलो तरी सुट्टीत त्या ओळीत जाऊन पडायचो. आई म्हणायची, “एवढा घोडा झाला, लाज नाही वाटत?” मावशी म्हणायची, “पडू दे. घोड्याला बी झोप लागतीच की.” सातवीत असताना एकदा वर्गातल्या मुलाने बघितलं, त्यानंतर मी बंद केलं. पण मी दुपारी घरी असलो की मावशी कडेची एक गादी रिकामी ठेवायची... ठेवायची एवढंच.

एकदा एका संस्थेच्या मॅडम आल्या होत्या. वस्तीतली पाळणाघरं बघत होत्या, खेळणी वगैरे देणार होत्या. त्यांनी मावशीला विचारलं, “मावशी, तुमच्या हाताखाली किती मुलं आहेत?”

मावशीने एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे. “दोन.”

“दोनच? अहो, खोली तर भरलीय!”

“हात दोनच हायत की बाई. तिसरं पायावर हाय. बाकीची रांगंत हायत, व्हतंय त्यांचं बी.”

आई तोंडात पदर घालून हसत होती. मॅडमनाही हसू आलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की हाताखाली म्हणजे एकूण किती सांभाळता ते. मावशी म्हणाली, “आसं व्हय. मग तसं इचारा की.” तेव्हापासून आमच्या घरात ते चालूच राहिलं. आई कामात असली आणि मी काही मागितलं की म्हणायची, “रांगेत उभा राहा, होतंय तुझं बी.”

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी दूध तापवताना मावशीच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. दवाखाना झाला, मग तिचा मुलगा मधुकरदादा गावाहून गाडी घेऊन आला. त्याचं तिकडे छोटं दुकान आहे. “इथं तिला कोण बघणार,” तो म्हणाला, ते खरंच होतं. तिला गाडीत बसवलं तेव्हा तो उजवा हात मांडीवरून सारखा घसरत होता, आणि मी तो उचलून परत ठेवत होतो. पहिल्यांदाच तो हात मला थंड लागला. डॉक्टर म्हणाले होते, पायात थोडी ताकद येईल कदाचित, पण या हाताची आशा धरू नका.

सुरुवातीला दादाशी फोनवर बोलणं व्हायचं. मग त्याचा नंबरच लागेना. गावातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर आमच्याकडे नव्हता. लातूर काही परदेश नाही, जाऊन यायला हवं होतं, हे कळतं मला. पण आईला मुलं सोडून हलता येईना, पप्पांच्या शिफ्ट बदलत होत्या, माझ्या परीक्षा... दर रविवारी ठरायचं आणि राहायचं.

आता पाळणाघरात आई एकटी. जोडीला बाई मिळेना. ज्यांना काम हवंय त्यांना कंपनीतलं हवंय, आणि त्यात त्यांची काय चूक. त्याच सुमाराला कॉलेजमध्ये मी प्रोजेक्टसाठी विषय घेतला होता — पाळणाघरात किती मुलांमागे एक मोठं माणूस असावं. मुलं जितकी लहान, तितकी एका बाईकडे ती कमी असावीत. का, तर तिचं लक्ष, तिचं उचलणं, काही झालं तर तिचं धावणं, सगळं वाटलं जातं. मला ते पटलं होतं. मी घरी येऊन आईला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत ऐकत होती.

“म्हणजे माझ्याकडे जास्त आहेत.”

“खूप जास्त आहेत, आई.”

“बरं. मग कुणाला काढू? तूच सांग. फोनही तूच कर.”

शेवटी आलेली मुलगी ओवी. दीड वर्षाची, मावशी गेल्यानंतर आलेली. तिची आई रेश्मा चाकणला कंपनीत, अजून पर्मनंट व्हायची होती. मी फोन काही केला नाही, पण संध्याकाळी रेश्मावहिनी ओवीला न्यायला आल्या तेव्हा आईनेच विषय काढला. त्या दारातच उभ्या होत्या, गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच.

“काकू, असं नका करू. सासूबाई सोलापूरला, इथं माझं कोण आहे?”

“अगं, मी एकटी पडले गं. एखादं पोर पडलं-झडलं तर?”

“पडलं तर पडू दे. आपटत-धोपटतच मोठी होतात.” मग त्यांना स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं. ओवीला कडेवर घेत म्हणाल्या, “तसं नाही म्हणायचं मला. तुमच्याकडे ती झोपते हो दुपारची. घरी रात्रीसुद्धा झोपत नाही. इथं कशी झोपते देव जाणे.”

विषय तिथेच राहिला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं की आईलाही तोच प्रश्न पडला होता. सगळी मुलं झोपतात कशी? मावशी गेल्यावर पहिले काही दिवस दुपारी नुसता गोंधळ असायचा. एकाला झोपवावं तर दुसरं उठायचं. आणि मग कधीतरी तो आपोआप कमी होत गेला होता. शौर्य म्हणून एक चार वर्षांचा मुलगा आहे, बोलका. तो एकदा आईला म्हणाला, “काकू, तुमचा नको. तुमचा हात टोचतो. तो दुसरा हात द्या.” आईने बांगड्या काढून ठेवल्या आणि डाव्या हाताने थोपटलं. तो म्हणाला, “हा पण तुमचाच आहे.” हे आईने रात्री जेवताना सांगितलं आणि आम्ही सगळे हसलो. पप्पा तर ठसका लागेपर्यंत हसले.

मग तो गुरुवार. आमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते. भोसरीतल्या बऱ्याच कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी असते, म्हणून तिकडच्या आयांची मुलं येत नाहीत, चाकणवाल्यांची येतात. माझं शेवटचं लेक्चर झालं नाही म्हणून मी लवकर घरी आलो. गिरणी बंद, पंखे बंद, शेजारच्या टीव्हीचाही आवाज नाही. आमच्या गल्लीत इतकी शांतता फक्त गुरुवारी दुपारीच असते.

चप्पल काढून मी दारात उभा राहिलो. आई ओळीच्या एका टोकाला बसून दोन मुलांना थोपटत होती. मला बघून तिने मानेनेच खूण केली, आवाज नको. मी तसाच उभा. आणि मग मला दोन आवाज ऐकू आले. एक आईच्या हातांचा, जवळचा. आणि एक ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून, त्याहून हळू.

थप, थप.

मग काहीच नाही.

थप, थप.

मला वाटलं पत्र्यावर कबुतर असेल. कुणीतरी मागे कपडे आपटत असेल. पाण्याची मोटार... पण लाइटच नव्हती. आई माझ्याकडेच बघत होती. तिने काय केलं, तर दोन्ही हात मुलांच्या पाठीवरून उचलले आणि मला दिसतील असे वर धरले. पोलिसासमोर धरतात तसे. तिच्या हातांचा आवाज थांबला.

दुसरा चालूच राहिला.

दुसऱ्या टोकाला ओवी होती, पालथी झोपलेली. अंगात पिवळा सुती फ्रॉक. मी तिच्यापासून चार हातांवर होतो, दारातून उजेड येत होता. फ्रॉकचं पाठीवरचं कापड दोनदा हलकंच दबलं, आणि मग दबलेलंच राहिलं. तळव्याएवढी जागा. तिचा श्वास त्याच्याखाली वर-खाली होत होता. मग ती जागा मोकळी झाली, आणि पुन्हा दोनदा दबली.

मी किती वेळ बघत होतो माहीत नाही. आईने हात खाली घेतले आणि पुन्हा आपली दोन मुलं थोपटायला लागली. जणू कामाची वाटणी झालेलीच होती.

संध्याकाळी मुलं गेल्यावर मी विचारलं, “कधीपासून?”

“बरेच दिवस झाले. पंख्याच्या आवाजात कळत नाही. मला वाटलं तू आलास की थांबेल.”

“आई, मावशी... गेली असेल का गं?”

हे आमच्या दोघांच्याही मनात होतं, कुणी बोलत नव्हतं. आई गाद्यांच्या घड्या घालत राहिली. “तसं असतं तर मधूने कळवलं असतं,” ती म्हणाली. पण मधुकरदादाचा नंबर लागत नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं. त्या रात्री मी पुन्हा लावून बघितला. तेच रेकॉर्ड केलेलं वाक्य.

पुढच्या आठवड्यात माझं प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन होतं. मला चार लोकांसमोर बोलता येत नाही. तरी बोललो. शेवटी एका मुलीने अगदी सहज विचारलं, “तुझ्या घरीच पाळणाघर आहे ना? तिथे किती मुलांमागे किती जण आहेत?” वाईट हेतूने नव्हतं विचारलं तिने. मी काय उत्तर देणार होतो? एक म्हणालो असतो तर माझंच प्रोजेक्ट खोटं पडत होतं. दोन म्हणालो असतो तर... तेही खोटं नव्हतं, पण सांगता येण्यासारखं नव्हतं. मी खाली बसलो. मॅडम म्हणाल्या, “ठीक आहे, पुढचा.”

घरी आलो तेव्हा दुपार होती आणि सगळी मुलं झोपली होती. आई मागच्या खोलीत भांडी घासत होती, मधलं दार ओढून घेतलेलं. कडेची एक गादी रिकामी होती, कुणीतरी आलं नव्हतं त्या दिवशी. मी बॅग ठेवली आणि त्या गादीवर पडलो. का ते नका विचारू. पालथा पडलो, लहानपणी पडायचो तसा. माझे पाय गुडघ्याच्या खालपासून गादीबाहेर, लादीवर. उशाशी एक छोटं दुपटं होतं, ते मी कमरेवर ओढून घेतलं. खूप लाज वाटत होती, आणि तरी उठावंसं वाटत नव्हतं.

आधी काहीच झालं नाही. मला वाटलं, बरोबरच आहे, मी आता हाताखालचा थोडाच राहिलोय.

मग पाठीवर दोन थापा पडल्या. आणि हात टेकला.

तो हात ऊबदार होता. एवढंच सांगता येईल. गाडीत बसवताना मांडीवरून घसरत होता तो थंड हात नव्हता, त्याच्या आधीचा होता. मी वळून बघितलं नाही. बघितलं तर थांबेल अशी भीती होती, तेवढीच एक भीती. पुन्हा दोन थापा. पुन्हा हात. मागे भांड्यांचा आवाज येतच होता, म्हणजे आई नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मग मला चक्क झोप लागली. उठलो तेव्हा शौर्य माझ्या डोक्याशी बसून माझ्या चपलेशी खेळत होता.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आईलाही नाही. इथे पहिल्यांदा लिहितोय.

चार-पाच दिवसांनी आई म्हणाली, “मंगलला विचारलंय मी. सोमवारपासून येते म्हणाली.” मंगलताई मागच्या गल्लीतली, तिचं कंपनीतलं कॉन्ट्रॅक्ट नुकतंच संपलं होतं.

मी म्हणालो, “एवढी घाई काय आहे?”

आई हातातला तांब्या ठेवून माझ्याकडे बघायला लागली. “तूच ना रे वाचून दाखवत होतास? एका बाईमागे किती नि काय...”

“हो, पण आता झोपतायत ना सगळी.”

“कुणाच्या हाताने झोपतायत?”

मी तांब्या उचलून पाणी प्यायला लागलो.

“अंगावरून वारं गेलेली बाई आहे ती, अमोल. इतकी वर्षं केलं तिने. आता तिथे तरी तिला आडवं पडू दे. आपल्याला माणूस मिळत नाही म्हणून तिने यायचं का रोज?”

आई शाळेत फार शिकलेली नाही. मी विषयाचा अभ्यास केलेला. पण त्या क्षणी आमच्या दोघांत नियमाच्या बाजूला ती होती आणि विरुद्ध बाजूला मी. माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता. मला फक्त तो हात हवा होता.

शनिवारी मी कॉलेजला गेलो नाही. दुपारभर त्या खोलीत पुस्तक धरून बसलो. पंखा चालू होता, नीट ऐकू येत नव्हतं, पण ओवीच्या पाठीवरचं कापड दिसत होतं. गादी एकही रिकामी नव्हती. असती तरी आई समोर होती.

सोमवारी मंगलताई आली. आईने तिला ओळीच्या त्या टोकाला बसवलं. मंगलताई भराभर थोपटायला लागली, तशी आई उठून तिच्याजवळ गेली आणि तिचा हात धरला. “दोन थापा. मग हात टेकवायचा. थांबायचं.” ओवी आधी रडली. दुसऱ्या दिवशीही रडली. मग तिला मंगलताईच्या हाताची सवय झाली आणि ती झोपायला लागली. मुलांचं असंच असतं.

त्यानंतर तो आवाज आला नाही. गुरुवारी मी मुद्दाम लवकर यायचो. लाइट गेलेली असायची, गिरणी बंद, आणि खोलीत दोन बायकांच्या चार हातांचा आवाज. पाचवा नाही. एका गुरुवारी मुलं गेल्यावर, आई बाजारात गेलेली असताना, मी गादी घालून पडूनही बघितलं. अर्धा तास तरी पडलो असेन. लादी पायांना गार लागली, एवढंच.

मग मी स्वतःला समजावलं. आईला मावशीची सवय, मला मावशीची ओढ, एकाने ऐकलं म्हणून दुसऱ्याने ऐकलं. कापड वाऱ्याने हललं असेल. प्रेझेंटेशनच्या दिवशी तर मी थकलेलोच होतो, अर्धवट झोपेत काहीही वाटतं. पुस्तकात हे सगळं बसत होतं. त्यात फक्त एक गोष्ट बसत नव्हती, आईने वर धरलेले ते दोन हात. ती मी बाजूला ठेवली.

मागच्या रविवारी आईच्या मोबाइलवर अनोळखी नंबरवरून फोन आला. गयामावशीची सून होती, सुनीतावहिनी. आईने नाव ऐकलं आणि खुर्ची ओढून बसली. मी म्हटलं, आलीच ती बातमी.

पण वहिनी म्हणाली, “आत्या बऱ्या हायत आता.”

आईने स्पीकर लावला. वहिनी बोलत होती, दादाचा मोबाइल पाण्यात पडला, नंबर सगळे गेले, आता मावशीच्या जुन्या पिशवीत आईचा नंबर सापडला म्हणून फोन केला. मावशी जिवंत होती. पेज खाते, आधाराने बसते, आणि थोडं थोडं बोलायलाही लागली होती. आई रडत होती, हसत होती, मधेच “अगोबाई” म्हणत होती.

“पर काकू, एक इचारायचं होतं तुमाला,” वहिनी आईला म्हणाली. “तिकडं असताना त्यांना काय सवय होती का? म्हंजे... त्यांचा उजवा हात गेलाय ना. डॉक्टर म्हणले जीव न्हाय त्यात. पर इकडं आल्यापासून रोज दुपारी जेवल्यावर झोपल्या झोपल्या त्योच हात हलायचा. गादीवर आसं दोनदा मारायच्या, मग ठिवायच्या. परत दोनदा. तास-तास चालायचं. उठल्या की हात परत गळपटलेला. डॉक्टरला दाखवलं, तर त्ये म्हणले नसांचे झटके असत्यात. आमी लई घाबरलो व्हतो.”

आईने माझ्याकडे बघितलं. “आताही हलतो?”

“न्हाय, आता थांबलाय. बरेच दिस झाले. गाढ झोपत्यात दुपारच्या.”

“कधीपासून थांबला?”

“आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय काकू...”

म्हणजे तेही नक्की नाही. मी कॉलेजच्या मॅडमना आडून विचारलं, त्या म्हणाल्या मेंदूचं काही सांगता येत नाही. डॉक्टरांचे झटके खरे असतील. सवयीने हात हलत असेल, तेही खरं असेल. पण तो हात तिकडे गादीवर पडत होता, तर इकडे ओवीची पाठ का दबत होती, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही. माझ्याकडे आजही याचं काही स्पष्टीकरण नाही. पुढच्या महिन्यात परीक्षा संपली की मी लातूरला जाणार आहे, तिकीट काढलंय. पण तिथेही काही उलगडेल असं वाटत नाही. मला फक्त तिच्याजवळ बसायचंय.

फोन ठेवता ठेवता वहिनी जे बोलली ते तसंच लिहितो आणि थांबतो. ती हसत हसत सांगत होती, की वाचा परत आली तेव्हा मावशी सगळ्यात आधी काय बोलली असेल? घरातल्या कुणाचं नाव नाही, देवाचं नाव नाही. दुपारी तो हात हलत असताना, डोळे मिटलेले, आणि अडखळत म्हणाली —

“ह्ये एक लेकरू लईच थोराड झालंय गं... पाय गादीच्या भायेर गेल्यात त्याचं. दुपटं पुरंना. कुणीतरी मोठं पांघरूण आणा.”